शिल्लक गोळ्या

नर्स : चपला काढून चढवलं होतं ना तिला काट्यावर? मग बरोबर आहे. तेरा किलो. मागच्या खेपेपेक्षा पाऊण किलो कमीच.

आई : होणारच कमी. जंत गोडानं वाढतात म्हणून सासूबाईंनी सगळं बंद केलंय. केळं नाही, दूध नाही, गूळ तर कपाटात कुलूपबंद. वर रोज अनशापोटी कारल्याचा रस. आताशा पोरगी रडतही नाही, सिस्टर. नाक धरते आणि पिते.

नर्स : गोड खाऊन जंत होत नाहीत, बाई. किती जणींना सांगू? पोटभर खाऊ दे तिला. दूध, अंडं, डाळ, केळं, जे घरात असेल ते.

आई : मला सांगून काय उपयोग? माझं घरात कोण ऐकतं?

नर्स : ऐकायला लावा. तिसरी खेप आहे ही. रक्त कमी झालंय तिचं. आता परत उलटलं तर डॉक्टर तिला भरती करून घेणार.

आई : नको हो. माझ्याशिवाय झोपत नाही ती.

नर्स : मग या वेळी चुकायचं नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी एकेक गोळी, दोन आठवड्यांनी पुन्हा एकेक. पाच माणसं, म्हणजे दहा.

आई : सहाच द्या. घरात चार शिल्लक आहेत.

नर्स : शिल्लक कशा? दोन्ही वेळा मी स्वतः मोजून दिल्या होत्या.

आई : माझ्या वाटच्या. जपून ठेवल्यात. पोरीला पुन्हा लागल्या तर हाताशी असाव्यात म्हणून.

नर्स : तुम्ही एकही घेतली नाहीत?

आई : मला काय झालंय? लाँड्रीत कामाला आहे मी. दिवसभर लोकांच्या चादरी धुते, हात कायम साबणात. सासूबाईंना दिली, यांना दिली, दोघी पोरींना समोर बसवून दिली.

नर्स : टेकून बसा जरा. हिला जेवायला कोण वाढतं?

आई : वाढून कुठं भागतंय? भरवावं लागतं. स्वतः बसली तर दोन घासांत उठते. माझ्या हातून तेवढं चार घास जास्त खाते.

(आई आपली बोटं उलटीसुलटी करून बघते.)

आई : म्हणजे मीच.

नर्स : मी असं म्हटलं नाही. कुणाकडूनही येतं ते.

आई : यांच्या नखांवरून घर डोक्यावर घेतलं होतं मी. सासूबाईंशी आठवडाभर अबोला धरला. आणि मीच तिला परत परत देत होते.

नर्स : दिवस गेलेले नाहीत ना तुम्हाला?

आई : छे.

नर्स : मग ही धरा. चावून खा.

आई : घरी घेते की, सगळ्यांबरोबर.

नर्स : आत्ता, माझ्यासमोर. घरी तुमचा नंबर कधी लागतो ते कळलं मला. बाकीच्यांना आजच द्या. नखं बारीक कापा सगळ्यांची. अंथरुणं-पांघरुणं गरम पाण्यातून काढा, ते काय मी तुम्हाला शिकवायचं?

आई : सगळं करीन. पण सिस्टर, एक विचारू? आजपासून भरवू नको का मी तिला?

नर्स : हात धुवा आणि भरवा.