सातव्या इनिंगचं लाल फडकं

…नाही, नाही, तिथं नाही! तुझ्या नकाशात जिथं चेंडू टाकायची जागा दाखवलीय ना, तिथं बैलांचं पाणी प्यायचं टाकं होतं. खुशाल बसवा तिथं पाटी. ‘याच जागी महान तेओदुलो हॉज उभे राहिले’ – उभे बैल राहिले, पोरी, आणि उभ्या उभ्या काय करायचे ते पाटीवर लिहिता येणार नाही. चेंडू टाकायची जागा होती तिथं आता टायरचं दुकान आहे. आणि डावीकडचं मैदान संपायचं ते उसाच्या डब्यांच्या रुळांवर. इंजिन उभं असलं की चेंडू त्याच्यावर आदळायचा आणि ड्रायव्हर आमची आई काढायचा – हे पण लिही. कुंपण? कसलं कुंपण? ऊस होता की चारी बाजूंनी! कारखान्याचा हंगाम संपला की चार महिने कुणाला काम नाही, मग करायचं काय? खेळायचं. आमचे बाप इंग्रजांच्या बेटांवरनं इथं ऊस तोडायला आले ते आधी क्रिकेट घेऊन आले होते. पण इथल्या लोकांना कळेना – एकच माणूस दुपारभर मारतोय आणि त्याला कुणी हाकलत कसं नाही? मग बापांनीच बॅट गोल केली, बेसबॉल धरला आणि भांडण मिटवलं.

बस ना नीट. ती खुर्ची डुगडुगते, पण पाडत नाही – मला एकदाच पाडलं. कॉफी घे. बायको, कासिल्दा, बाजारात गेलीय, नाहीतर उकडलेली केळी खाल्ल्याशिवाय तिनं तुला उठू दिलं नसतं.

हो, पेपरात आलंय ते खरंच आहे. त्रेपन्न सालचा सप्टेंबर. आम्ही सांता रुफिनावाले, समोर मॉन्ते क्लारो कारखाना. चेंडू टाकणारा आमचा तेओदुलो, त्यानं नऊ इनिंग एकालाही फटका मारू दिला नाही. म्हणून आता नव्या स्टेडियमला त्याचं नाव, आणि त्यासाठी तुला हवी माझी सही – सामन्याची वही धरणारा मी, आणि त्या मैदानावरचा जिवंत उरलेला पण मीच. करतो की सही! तिसरी पास आहे मी, सही येते मला. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्यांच्या खुणा मारायचो, म्हणून साहेबानं वही माझ्या हातात दिली. शेजारी खांब, खांबाला दोरी. पांढरं फडकं वर गेलं म्हणजे फटका खरा, मारणाऱ्याचं नाव. लाल गेलं म्हणजे अडवणाऱ्याची चूक, फटका मोजायचा नाही. कोणतं चढवायचं ते मी ठरवायचं आणि हजार माणसांनी मान्य करायचं. अंपायरला दगड मारायचे लोक, मला कधी नाही. दोरी हातात असलेल्या माणसाला कोण मारतोय?

तर सातवी इनिंग. तोवर मॉन्ते क्लारोचा एक गडी बेसवर पोचला नव्हता, एकसुद्धा! लोक श्वास रोखून बसलेले. आणि चेंडू आला तिसऱ्या बेसकडे, जमिनीला घासत. तिथं आमचा लिब्रादो पेगेरो. सुटला त्याच्या हातनं. साफ चूक. मी लाल चढवलं. झालं! तेओदुलोचा सामना शाबूत, फक्त त्याला डाग एक – लिब्रादोचा… किती लांबून? ते कशाला पाहिजे तुला? असेल हातभर. दोन हात. सूर मारला त्यानं, पार आडवा झाला, हातमोज्याच्या टोकाला लागून गेला चेंडू… मग काय झालं सूर मारला तर? सूर मारणाऱ्याची चूक होत नाही असं कुठं लिहिलंय? तुमच्या पुस्तकात असेल. आमच्याकडे पुस्तक नव्हतं, मी होतो!

अशी बघू नकोस. वकिलीणबाई आहेस का? लिब्रादो काय संत होता? आदल्या शनिवारच्या नाचात कासिल्दाबरोबर लागोपाठ तीनदा नाचला – तीनदा! मी भिंतीला टेकून उभा, हातात माबीचा, त्या सालीच्या पेयाचा, ग्लास, त्यातला फेस बसून गेला तरी हे दोघं बसेनात. आणि सामन्याला ती कुठं बसायची? तिसऱ्या बेसच्या मागं. दुसरीकडे कशाला बसेल? … हो, ओढली दोरी. हात आधी गेला, डोकं नंतर. मला वाटलं आठ दिवस लोक हसतील त्याला, बस्स. पण लोकांचं काय सांगावं! न्हाव्याच्या दुकानात त्याला म्हणायचे, ‘ये लिब्रादो, हाताला तेल लावूनच आलास ना?’ पोरं मागं ओरडत जायची. महिन्याभरात ट्रंक उचलून गेला दुसऱ्या कारखान्यावर, पुन्हा मैदानात उतरला नाही. त्याच्यासारखा तिसऱ्या बेसवर या मुलखात झाला नाही, हे मी सांगतो, कारण बाकीचे मेले. आणि तेओदुलो? तो तर साधाच खेळाडू, बिचारा. दुसऱ्या रविवारी त्याला अकरा फटके बसले. ते नाही आलं तुमच्या पेपरात.

आता लिही काय लिहायचं ते. स्टेडियमचं नाव बदलणार आहात? नाही ना? मग! पण एक सांगतो, हे कासिल्दाला कळता कामा नये. तिनं मला लग्नाला हो म्हटलं ते तो ट्रंक घेऊन गेल्यावर. पन्नास वर्षं मी तो विषय घरात निघू दिला नाही, रेडिओवर सामना लागला तरी…

काय?

कधी? परवा? नदीकाठी? तिलाही विचारलंस तू? … काय म्हणाली? पुन्हा सांग. ‘तो फटका होता.’ एवढंच? ‘सगळ्यांना दिसलं’ – असं म्हणाली? हसत की… ते पण सांगता येत नाही तुला?

आणि तरी मला हो का म्हणाली, ते विचारलंस? नाही विचारलंस. मैदान किती फूट होतं ते विचारलं असशील. विद्यापीठात हेच शिकवतात!

बंद कर ते टेपचं मशीन. ऊठ. जा म्हटलं ना. – दार ओढू नकोस. उघडंच राहू दे, ती येईल आता बाजारातनं.