शिंपीकाकांच्या मयताचं जेवण

नर्समावशी : ...काही बोलू नका. आम्हीही काही विचारणार नाही. अरे, पातेलं आत घे आधी, निवायला लागलंय.

दाढीवाला : अहो, पण तुम्ही कोण—

नर्समावशी : चर्चच्या सांत्वन मंडळातली. हा आमचा सुतार. ज्या घरी दुःख झालं तिथे आम्ही फोन करत नाही, की प्रश्न विचारत नाही. जेवण आणतो, सिंकमधली भांडी घासतो आणि मग कोणाला रडायचं असेल तर शेजारी बसतो. तुम्ही भाऊ ना त्यांचे? तोंडावळा अगदी तोच. दाढी तेवढी जास्त.

दाढीवाला : मी नळवाल्याची वाट बघत होतो. म्हणून दार उघडलं.

सुतार : नळ मीही बघतो, काका. मावशी, सूप कुठे ठेवू? टेबलावर सगळं शिवणकाम पसरलंय.

दाढीवाला : टेबलाला हात लावू नकोस! ...कोण गेलं म्हणालात?

नर्समावशी : धक्क्यात आहेत बिचारे. बसा. अहो, आपले शिंपीकाका. सकाळी मिस्सेच्या प्रार्थनेत नाव वाचलं आणि सगळं चर्च गप्प झालं.

दाढीवाला : गप्प म्हणजे? वाईट वाटून, की आपलं नुसतंच?

नर्समावशी : हे काय विचारणं झालं?

दाढीवाला : नाही, कोणी रडलं वगैरे का?

सुतार : बेकरीवाली ताई रडली ना! एवढ्या मोठ्यांदा, की पुढच्या बाकावरचं बाळ उठलं. मग ते रडलं. मग बाळाची आजी.

दाढीवाला : बेकरीवाली? तिने तर लग्नाचा झगा मला... म्हणजे त्याला, दोनदा उसवायला लावला होता.

नर्समावशी : आणि लग्नात तोच झगा घालून नुसती गोल गोल फिरत होती. नवरा एका बाजूला उभा.

दाढीवाला : फिरणारच. घेर होताच तसा. असं... तो म्हणायचा. बरं, तुमच्या मते माणूस कसा होता?

नर्समावशी : खरं सांगू? तिरसट. नाकावर राग. बायको गेल्यापासून दाराला आतून कडी. मी जिन्यात उभी राहायचे तेव्हा आत मशीन चालू असायचं, बेल दाबली की बंद. एकदा केक घेऊन आले होते. शेवटी तिथेच पायरीवर बसून मीच खाल्ला.

दाढीवाला : संत्र्याचा होता. वास आत येत होता... म्हणे.

नर्समावशी : पण हातात कला होती हो. वेदीवरचं कापड अजून त्यांच्याच हातचं आहे. आणि बायकोवर काय जीव! गायनवृंदात कायम तिच्या मागे उभे राहायचे. गायचे मात्र बेसूर.

दाढीवाला : बेसूर?

नर्समावशी : अर्धा सूर वर. कायम. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, पण—

दाढीवाला : नकाच बोलू! मी नव्हतो अर्धा सूर वर. तुम्ही सगळे अर्धा सूर खाली होतात! ऑर्गनवाल्यासकट!

(पातेल्याचं झाकण खाली पडतं आणि बराच वेळ गरगरत राहतं. इथून पुढे दाढीवाल्याला शिंपीकाका म्हणायला हरकत नाही.)

सुतार : मावशी... मयत बोलतंय.

नर्समावशी : तू गप. काका, हात द्या इकडे. मनगट. ...नाडी तर घोड्यासारखी धावतेय. अरे देवा! अहो, तुम्ही जिवंत आहात!

शिंपीकाका : तक्रार असेल तर तसं सांगा.

नर्समावशी : मग नाव कसं वाचलं? कोण वाचत होतं आज?

सुतार : ...मी.

नर्समावशी : तू?

सुतार : पहिलीच खेप होती हो. सगळे माझ्याकडे बघतायत. आधी आजारी लोकांची नावं, मग थांबायचं, मग देवाघरी गेलेल्यांची. मी एक नाव आधीच थांबलो. काका आजाऱ्यांत शेवटचे होते.

शिंपीकाका : आणि तू श्वास घेतलास तेवढ्यात मी पलीकडे पोचलो.

सुतार : माफ करा, काका.

शिंपीकाका : पण मी आजाऱ्यांत तरी कशाला? मला काय झालंय?

नर्समावशी : ते नाव मी दिलं. जो माणूस संत्र्याच्या केकला दार उघडत नाही तो आजारीच.

शिंपीकाका : हं. आणि तुझ्या खिशातून लोंबतेय ती माप घ्यायची फीत का?

सुतार : शवपेटीसाठी. मंडळात माझं काम तेच असतं.

शिंपीकाका : मग खांद्याला अर्धा इंच सैल ठेव.

सुतार : कशाला? मयताला कुठे हात हलवायचे असतात?

शिंपीकाका : हलवलेच तर? शिवणारा असो की ठोकणारा, माणसाला जागा ठेवून कापायचं.

सुतार : ठेवतो. म्हणजे, ठेवला असता. काका, हा टेबलावरचा कोट कोणाचा? काय देखणा आहे!

शिंपीकाका : माझाच. पेटीत घालायचा. ती गेल्यापासून शिवतोय. रोज थोडा थोडा.

नर्समावशी : झालेला दिसतोय.

शिंपीकाका : एक बटण राहिलंय. आज संध्याकाळी लावून टाकणार होतो. सुई ओवून ठेवलीय, बघा.

नर्समावशी : आणि मग?

शिंपीकाका : मग काय. मग शिवायचं काही उरत नाही.

नर्समावशी : ...अरे, सूप तापत ठेव. चांगलं उकळू दे.

सुतार : ठेवतो, पण मावशी, खिडकीतून बघा जरा. बेकरीवाली ताई आलीय. ऑर्गनवाले आलेत. सगळा गायनवृंद जिना चढतोय. फुलं घेऊन!

शिंपीकाका : घालवून द्या. सांगा चूक झाली.

नर्समावशी : मी का सांगू? गेलात तुम्ही.

शिंपीकाका : अहो, दाढी वाढलीय, सदरा मळलाय. अशा अवतारात लोकांसमोर जाऊ?

नर्समावशी : कोट आहे की.

शिंपीकाका : तो पेटीतला आहे!

नर्समावशी : पेटीचं लाकूड अजून वखारीत आहे. घाला.

सुतार : थांबा, बाही धरतो. ...आईशप्पथ! काका, काय बसलाय!

शिंपीकाका : बसणारच. पण मधेच उघडा राहतोय. ते बटण द्या, दोन टाके मारतो. इथेच होतं, सुईजवळ. कुठे गेलं?

नर्समावशी : माझ्या पर्समध्ये.

शिंपीकाका : हा काय पोरखेळ? द्या इकडे.

नर्समावशी : चर्चमागच्या खोलीत लोकांनी दिलेल्या कपड्यांचे ढीग पडलेत. झिपा गेल्यात, अस्तरं लोंबतायत. बेघरांच्या निवाऱ्यातली माणसं तेच घालून थंडी काढतात. आमच्यात शिवणारं कोणी नाही.

सुतार : नाही कसं? मागच्या खेपेला मी बटणं चिकटवली ना. सरसाने.

शिंपीकाका : सरसाने? कापडाला?

सुतार : घट्ट बसली होती. कोट काढता येत नव्हता, एवढंच.

शिंपीकाका : अरे, तुला कोणी... बाई, ह्याला त्या खोलीत पाऊल टाकू देऊ नका!

नर्समावशी : सोमवारी या आणि तुम्हीच अडवा. तिथे बटण देते.

शिंपीकाका : आणि सोमवारी नाही दिलंत तर?

नर्समावशी : मग पुढच्या सोमवारी.

शिंपीकाका : तुम्ही देणारच नाही ते.

नर्समावशी : बघू. माझी पर्स मोठी आहे. वस्तू सापडत नाहीत.

सुतार : बेल वाजली. काय सांगू त्यांना?

शिंपीकाका : तू काही सांगू नकोस. पुन्हा भलत्याच जागी थांबशील. दार मी उघडतो.

नर्समावशी : हळू हं, काका. बेकरीवाली तिथेच कोसळायची.

शिंपीकाका : कोसळली तर सूप आहे. आणि ए सुतारा, ते पायपुसणं जरा सरळ कर. पुष्कळ दिवसांनी पावलं आलीत.