डोक्यावर ऊन

स्नेहल : छतावर भगभगीत ऊन पडलंय आणि सोलर चालायचं न्हाय म्हणताय? तौसीफभाऊ, बसवलंय तुम्हीच की!

तौसीफ : वहिनी, तवाच सांगितलंतं. लाईन गेली की हे आपसूक बंद पडतंय. बॅटरी न्हाय ह्याला.

स्नेहल : मला वाटलं, लाईट गेली की मगच सोलरचा उपयोग! सगळ्या वाडीला सांगून बसलोय मी, आता गगनबावड्यात कितीबी वारं सुटू दे, आपल्या फणसाचा गर नासायचा न्हाय.

बायडाबाई : कोल्डरूममधी बघून आलो आत्ताच. डबं घामाजल्यात. एकदा वास सुटला की आटपलं बघ.

तौसीफ : तुमचा जुना जनरेटर कुठाय?

स्नेहल : तालमीच्या पोरांनी जत्रेला मागितला. म्हटलं, आता सोलर आलंय, न्या.

बायडाबाई : आन् त्यांनी खोलून ठिवलाय. नट एकीकडं, बोल्ट एकीकडं.

स्नेहल : भाऊ, पाया पडतो तुमच्या. माझ्या शब्दावर आमच्या गटातल्या बायकांनी फणस फोडल्यात, चिकानं हात सोलवटल्यात त्यांचं. उद्या कुठल्या तोंडानं त्यांच्या दारात जाऊ? ते बंद पाडणारं जे काय असंल ते काढून टाका.

तौसीफ : न्हाय जमायचं.

बायडाबाई : न जमाय काय झालं? जोड म्हणतो न्हवं मी! काय इपरीत झालं तर माझ्या नावावर घाल.

तौसीफ : मावशी, ते काढलं तर आपला करंट उलटा लाईनवर जातोय. घाटात झाड पडून तारा तुटल्यात. लाईन बंद हाय म्हणून माणूस बिनघोर खांबावर चढलंय.

बायडाबाई : कुठल्या खांबावर?

तौसीफ : वळणावरच्या. तुमचा पोरगा ज्ञानू कुठं हाय आज?

बायडाबाई : ड्युटीवर. लाईन जोडायला. सकाळी भाकरीबी न खाता गेलाय.



स्नेहल : मावशी, बायकांना बोलवा. पातेली घिऊन या म्हणावं. गर वाटून टाकू. नासण्यापरास पोरं तरी खातील.

बायडाबाई : बोलवतो.

स्नेहल : मग जावा की. उभ्या का?

बायडाबाई : तौसीफ, ते सोलरचं बटण बंद हाय न्हवं? माझ्यादेखत परत एकदा बघ, बाबा.