एक अपवाद वगळता

सन्माननीय अध्यक्ष उशिदा-सान, व्यासपीठावरील मान्यवर, टपाल कचेरीतून वेळात वेळ काढून आलेले पाहुणे, आमच्या याटोमीच्या गोल्डफिश उत्पादक संघाचे सभासद आणि आजच्या सत्कारमूर्ती फुमिए इसोगाई-सान,

स्वतः पस्तीस मिनिटं बोलून झाल्यावर अध्यक्षांनी मला ‘थोडक्यात’ बोलायला सांगितलं आहे. आज्ञा शिरसावंद्य.

फुमिए-सान यांनी एकतीस वर्षं जिवंत मासे टपालानं पाठवले. दुहेरी पिशवी, एक भाग पाणी, दोन भाग प्राणवायू. पिशवीचे कोपरे रबरानं आवळलेले, कारण लहान मासा कोपऱ्यात अडकून मरतो. थंडीत उष्णतेची पुडी खोक्याच्या झाकणाला, तळाला कधीच नाही. आणि मुख्य म्हणजे निघण्याआधी दोन दिवस कडक उपवास. पोटात अन्न नाही, तर पाण्यात घाण नाही. इतकी साधी गोष्ट. शिकलेल्या माणसांना ती उशिरा कळते, हे ओघानं आलंच.

आत्ता वाचलेलं मानपत्र आपण ऐकलंत. भाषा उत्तम आहे, मसुदा माझाच. त्यात एक ओळ आहे: ‘एक अपवाद वगळता त्यांच्या हातून एकही मासा दगावला नाही.’ अपवाद सर्वांना आठवत असेल. नऊ वर्षांपूर्वी आओमोरीच्या एका निवृत्त शिक्षकांनी रांचू जातीचे सहा गोल्डफिश मागवले होते. सहाही वाटेत गेले. संघातर्फे क्षमापत्र मी लिहिलं: ‘पॅकिंगमधील त्रुटीमुळे’. फुमिए-सान याच सभागृहात सर्वांसमोर कमरेत वाकल्या. पुढे वर्षभर उशिदा-सान त्यांचं प्रत्येक खोकं जातीनं उघडून तपासत. ते पुन्हा बांधावं लागे फुमिए-सान यांनाच, पण ती किरकोळ बाब.

खरी त्रुटी या माइकसमोर उभी आहे. ते मासे निघायच्या आदल्या संध्याकाळी मी पॅकिंगच्या खोलीत एकटाच होतो. टबातले सहा रांचू माझ्याकडे बघून तोंडाची उघडझाप करत होते. मी बुद्धमंदिरात वाढलेला. ‘करुणा’ मला मूळ संस्कृतात लिहिता येते. दूरच्या प्रवासाला निघालेल्यांना उपाशी कसं धाडायचं? चार चिमटी खाद्य घातलं. पाचवी प्रेमानं घातली. माझ्या करुणेचं पिशवीत काय झालं असेल, ते जेवणापूर्वी सांगत नाही.

काल फुमिए-सान यांच्यापाशी जाऊन हे कबूल केलं. त्या वर्तमानपत्रांच्या घड्या घालत होत्या.

“ठाऊक आहे, सचिवसाहेब. खाद्याच्या डब्याचं झाकण तुम्ही उलटं लावलं होतंत. मासे गेल्याचं कळलं तेव्हा त्याचा अर्थ लागला.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले. नऊ वर्षं. आपलं टपाल इतकं कधी रेंगाळलं नाही हो.”

मी म्हटलं, “उद्या भर सभेत सांगतो.”

“सांगा. पण आटोपशीर. तुमचं क्षमापत्र फार लांबलं होतं.”

तेव्हा उशिदा-सान, मानपत्र अजून आपल्याच हातात आहे. कृपया पेन काढावं आणि त्या ओळीतले पहिले तीन शब्द खोडावेत. खाडाखोड केलेलं मानपत्र बरं दिसत नाही, मान्य. नऊ वर्षं सगळं बरंच दिसत होतं... नाही, घाई नाही. मी थांबतो.

आभारी आहे.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल सर्वांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असल्यास क्षमा असावी. बाकीची क्षमा मी फुमिए-सान यांच्याकडे स्वतंत्रपणे मागेन, आटोपशीर.

ताटं वाढलेली आहेत. फुमिए-सान उद्या पहाटे बहिणीकडे नागासाकीला निघतात, आणि त्यांनी अजून घासही घेतलेला नाही. त्यांना कोणीही आग्रह करू नये.