अर्ध्या मिशीवर मध्यंतर

त्या न्हाव्याची रीतच अशी, की दाढी करता करता गिऱ्हाइकाला एखादा जुना सिनेमा सांगायचा. मध्यंतरापर्यंत डावी बाजू, मध्यंतरानंतर उजवी. बाकावर पाळीची वाट बघत बसलेले पोस्टमास्तर कान देऊन ऐकत होते.

“…आणि मग नायक वीस मिनिटं नुसता समुद्राकडे बघतो. तोंडातून एक शब्द नाही!”

“तिथं मला झोप लागली होती, दादा.”

“काय म्हणालात?”

“रटाळ आहे हो तो. अहो, वस्तरा का ठेवलात खाली?”

“मध्यंतर.”

“अर्धीच मिशी गेलीय! तासाभरात माझं लग्न आहे!”

“त्या वीस मिनिटांसाठी दिग्दर्शकानं राहतं घर विकलं. आणि नवरदेव घोरले!”

“बरं बाबा, चांगला आहे.”

“नुसता चांगला?”

“फार चांगला.”

“मनापासून म्हणा.”

“दादा, सासरे बाहेर गाडीचा भोंगा वाजवताहेत! तो समुद्र आठवला की डोळ्यांत पाणी येतं. हे बघा, आत्ताही आलंय!”

“हं. करा हनुवटी वर.”

नवरदेव गुळगुळीत होऊन पळाला. पोस्टमास्तर खुर्चीत बसले ते मनाशी पक्कं ठरवूनच, की आपण मत म्हणून द्यायचं नाही.

“तुम्हाला कसा वाटला हो तो सिनेमा?”

“छे, छे! मी पाहिलेलाच नाही.”

न्हाव्याचा चेहरा उजळला. त्यानं हळूच दाराला आतून कडी घातली.

“भाग्यवान आहात! मग काहीसुद्धा गाळत नाही. टेका मान मागे. पहिली दहा मिनिटं पडद्यावर नुसता अंधार आहे. मिटा डोळे.”