उपासाच्या आड

आमचं गाव इचलकरंजी. म्हणजे मूळ गाव दुसरंच, पण वडील यंत्रमागावर कामाला म्हणून आले आणि आम्ही तिघं भावंडं त्या खडखडाटातच वाढलो. झोपेत मागाचा आवाज थांबला की जाग यायची, कारण आवाज थांबला म्हणजे वीज गेली, आणि वीज गेली म्हणजे बाबांचा त्या दिवसाचा पगार गेला. आई घरी बसून कांड्या भरायची, सूत ओढून ओढून तिच्या बोटांना चिरा पडलेल्या. मंदी आली की माग बंद, आणि काय सांगू तुम्हाला, मंदीत आमच्या घरी उपास फार वाढायचे. आज मला सोमवार आहे, आज मला शनिवार आहे, तुम्ही जेवून घ्या, असं आई म्हणायची आणि आम्ही जेवून घ्यायचो. आठवी-नववीत असताना माझ्या लक्षात आलं की सुताला तेजी आली की देव आईला सगळे वार माफ करतो.

शिकले मी. हे मी अभिमानानं सांगते, लाजायचं कशाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं, मग कोल्हापूरला एम.एस्सी. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, कांड्या भरायच्या सोडून पोरगी बाटल्या हलवत बसलीय. बसले. त्या बाटल्यांनीच मला इथं परदेशात आणलं, लिमरिक शहराजवळ एका औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये नोकरी लागली, आणि आमचे हे, प्रकाश, माझ्या मागून आले, त्यांचं सॉफ्टवेअरचं काम, त्यांना कुठंही मिळतं. हे सांगलीचे. बोलण्याची भारी आवड. इथल्या लोकांत असे मिसळले की शेजारचा म्हातारा मला म्हणायचा, तुझा नवरा चुकून भारतात जन्मला. आम्हाला एक मुलगी, आर्या, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत, तेही इथल्या सुरात, काही विचारलं की आय ॲम ग्रँड, म्हणजे मी मजेत, संपलं.

तर दाढी करताना ह्यांच्या गळ्याला गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून महिनाभर तशीच काढली, मग डॉक्टर, मग मोठं हॉस्पिटल, सुई घालून तुकडा काढला, आणि घशाचा कॅन्सर निघाला, टॉन्सिलपाशी सुरू होऊन गळ्यात उतरलेला. आता बघा, ह्या माणसानं आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलेलं नाही. पण ज्याला कळलं त्यानं पहिलं हेच विचारलं. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, भाऊजी लपूनछपून खात असतील हो, तंबाखूवाल्यांच्या बायकांना शेवटपर्यंत कळत नाही. मी म्हटलं, वहिनी, तुम्हाला बरं कळतं. तिथून पुढं मी कार्यक्रमाला जायचंच सोडलं.

इथल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्या म्हणाल्या, हा एका विषाणूमुळं होणारा प्रकार आहे, तंबाखूचा संबंध नाही, आणि ह्या प्रकारात रेडिएशन आणि केमो दोन्ही मिळून चांगला गुण येतो. पण एक अट घाला स्वतःला, उपचार पुरे करायचे. सोमवार ते शुक्रवार रोज यायचं, मध्ये खंड पडू द्यायचा नाही, कारण खंड पडला की जे मरायला टेकलेलं असतं ते पुन्हा उठतं. मी लॅबमधली बाई, मला हे एका वाक्यात कळलं. त्यांनी असंही सुचवलं की पुढं गिळणं अवघड होईल, आत्ताच पोटात नळी बसवून ठेवूया, तर हे हसून म्हणाले, मी काय मोटार आहे का पेट्रोल भरायला? सगळे हसले. मीही हसले.

मग ह्यांचा मुखवटा केला. प्लॅस्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करतात आणि चेहऱ्यावर, गळ्यावर, खांद्यावर दाबून बसवतात, ती थंड झाली की अगदी त्या माणसाच्याच मापाची. रोज तो घालून टेबलाला पक्का अडकवायचा, म्हणजे मान केसभरही हलत नाही आणि किरण नेमके जिथं पाहिजेत तिथंच जातात. पहिले काही दिवस बाहेर येऊन हे चेष्टा करायचे, माझ्याशिवाय कुणाला बसत नाही, शिवून घेतलेला सूट आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून चेष्टा थांबली. चव गेली, थुंकी चिकट झाली, घसा आतून सोलून निघाला. पाण्याचा घोट घेताना खुर्चीचा हात धरायचे. नोरीन नावाची आहारतज्ज्ञ होती तिथं, दर आठवड्याला वजन करायची, जाड दुधाच्या बाटल्या द्यायची, म्हणायची, प्रकाश, हे जेवण नाही, हे औषध समज. मी सगळं पातळ करून द्यायचे, मुगाचं कढण, भाताची पेज, नाचणीची आंबील, सगळं थंड करून.

त्याच सुमारास सांगलीहून आत्तींचा फोन आला. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. त्या म्हणाल्या, वाडीच्या दत्ताला बोललीया मी, तुझ्यासाठी गुरुवार धरलाय, पक्या, तू बी धर. आणि काय आश्चर्य, ह्यांनी धरला. ज्या माणसानं एकादशीला माझ्यासमोर ऑम्लेट खाल्लंय, त्यानं गुरुवार धरला. मला बरं वाटलं हो. दुखण्यात माणसाला आधार लागतो, म्हटलं धरू देत. मग शनिवार धरला मारुतीचा. मग संकष्टी आली. मग सोमवार. आत्तींना तर आनंद मावेना, पोरगा देवाला लागला म्हणून सगळ्या भावकीत सांगत सुटल्या. आणि आपल्यात कसं असतं तुम्हाला माहीत आहे, उपास आहे म्हटल्यावर त्या माणसाला खा म्हणून आग्रह करत नाहीत, पाप लागतं. नोरीनला ह्यांनी सांगितलं की हे माझ्या धर्मातलं आहे. तिनं कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाली, मी त्यात पडणार नाही, पण आमच्यात आजारी माणसाला उपास माफ असतो, तुमच्यात नसतो का? हे म्हणाले, आमचा देव कडक आहे.

एका सोमवारी मी प्रेसमधून साबुदाणा काढला, इथं कपाटाला प्रेस म्हणतात, आणि दुधात शिजवून अगदी पाण्यासारखी पेज केली, म्हटलं उपासाला चालते, एवढी तरी घ्या. तर हे म्हणाले, आज निरंकार आहे, काहीच नाही. आणि पेल्याकडं असं बघितलं, काय सांगू, भक्तानं उपासाच्या पदार्थाकडं बघावं तसं नाही, लहान पोर इंजेक्शनकडं बघतं तसं. त्या क्षणी मला आमची आई दिसली. उपास कशाकशाची नावं घेऊन घरात येतो हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी म्हटलं, अहो, हा देवाचा उपास नाही, गिळायला दुखतंय म्हणून तुम्ही वारांच्या मागं लपताय. तर एवढे चिडले, आवाज तर बसलेलाच, घोगऱ्या आवाजात म्हणाले, देवाच्या गोष्टीत तोंड घालू नकोस, चार बुकं शिकलीस म्हणून. हे मला लागलं. मी पेज ओतून दिली आणि दोन दिवस बोलले नाही. तेवढ्यात जे व्हायचं ते झालं.

बुधवारी मशीनवरच्या मुलींनी मुखवटा घातला तर आत मान हलत होती. दोन्ही बाजूंनी बोट जाईल एवढी फट. त्या रोज किरण द्यायच्या आधी फोटो काढून बघतात, तो जुळेना, पुन्हा काढला, पुन्हा जुळेना, म्हणून त्यांनी मशीन सुरूच केलं नाही. डॉक्टरीणबाई आल्या. अंगावरचं सगळं मांस उतरल्यामुळं ह्यांचा चेहराच मुखवट्यापेक्षा लहान झाला होता. बाई ह्यांच्याशी पहिल्यांदा कडक बोलल्या. नवा मुखवटा, नवं स्कॅन, नवी आखणी, तोवर उपचार बंद. आणि नाकातून नळी घालून अन्न सुरू केल्याशिवाय नवा मुखवटा करून उपयोग नाही, तोही ढिला होईल, केमोही मला देता येणार नाही. हे मान हलवत राहिले, नाही म्हणून. उपास पुरे होईपर्यंत नाही. बाहेर मला एकटीला त्या म्हणाल्या, जितके दिवस जातील तितकी गुण येण्याची खात्री कमी होत जाईल.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. सकाळी मी खाली उतरून गाडीत बसले, दार लावून घेतलं आणि आत्तींना फोन लावला. इथली सकाळ म्हणजे तिथली दुपार. मी सांगितलं, आत्ती, उपचार थांबलेत. त्या एकदम म्हणाल्या, थांबलेत म्हंजे? तू करून घालत नसशील, नोकरीच्या मागं. मी म्हटलं, करते, ते खात नाहीत. व्हय, उपास हाय त्याचा, असं त्या म्हणाल्या. मग मी सगळं बोलले. म्हटलं, आत्ती, त्यांच्या घशात भाजल्यासारखं झालंय, पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी येतं, आणि ते तुमच्या दत्ताच्या पाठीमागं दडून बसलेत, आणि तिथनं त्यांना मी काढू शकत नाही, तुमच्या दत्ताची मला भीती वाटते. त्या म्हणाल्या, त्याचं तोंड दाव मला.

त्यांनी ह्यांना दीड महिन्यात बघितलंच नव्हतं. हे कॅमेरा बंद ठेवून बोलायचे, नेट नाही म्हणायचे. मी वर गेले, हे पलंगावर होते, मी विचारलंच नाही, फोन तोंडासमोर धरला. आत्ती बघत राहिल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, पक्या, तुझा बा गेला तवा असाच दिसत हुता. मग उठल्या, फोन तिथंच चुलीशेजारी टेकवला असावा, आम्हाला नुसतं छत दिसत होतं आणि भांड्यांचा आवाज. परत आल्या तर हातात सुनेच्या, माझ्या जावेच्या ताटातली भाकरी. ह्यांच्या डोळ्यांत बघत तुकडा मोडला, तोंडात टाकला, चावला, गिळला. कडक बाई ती, सूर्य मावळायच्या आत गुरुवारी तिच्या तोंडात कण गेलेला कुणी बघितलेला नाही. म्हणाल्या, हे बघ, मोडला. धरला मी हुता, मोडला बी मीच. दत्ताला काय सांगायचं ते मी बघून घेती, माझी त्याची जुनी वळख हाय. तू नळी घाल. नाकातनं घालू दे, न्हाईतर कानातनं, घाल. आणि बायकोला उलट बोललास तर मी तिकडं येऊन मारीन.

ह्यांना रडताही येईना, घसा आवळला की दुखायचं. नुसती मान हलवली. होय म्हणून.

नळी बसली. पांढरं दूध पंपानं थेंब थेंब आत. नवा मुखवटा झाला, आणि बुडालेले दिवस भरून काढायला काही दिवस सकाळ-संध्याकाळ दोनदा रेडिएशन दिलं, मध्ये बऱ्याच तासांचं अंतर ठेवावं लागतं म्हणून आम्ही हॉस्पिटलच्या गाडीतळावरच बसायचो, मी लॅपटॉपवर काम, हे काच खाली करून पाऊस बघत. एकदा घरी परतताना ह्यांनी कागदावर लिहून दिलं, चार बुकं तू बरी शिकलीस. मी म्हटलं, गाडी चालवू द्या आता.

शेवटचा दिवस झाला, पण दुखणं त्याच्यानंतर आणखी वाढलं, हे आम्हाला सांगितलेलं होतं तरी झेपलं नाही. नळी बरेच महिने होती. गिळायला शिकवणारी एक बाई यायची, जीभ अशी करा, घोट असा अडवा, आणि हे लहान मुलासारखे चमचाभर दह्यासमोर बसायचे. दर स्कॅनच्या आधी आमच्या घरात कुणी कुणाशी बोलत नाही. मधल्या खंडानं काही बिघडलं का, हे मी बाईंना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी खरं तेच सांगितलं, की माहीत नाही, आणि कळण्याचा मार्गही नाही, फक्त काळ जाऊ द्यायचा.

आता तुम्ही बघताच आहात. लाळ परत आली नाही, पाण्याची बाटली हातातून सुटत नाही. केमोनं कान गेले थोडे, बारीक आवाज ऐकू येत नाहीत, आर्या हाक मारते आणि ह्यांना कळत नाही, मग ती जवळ येऊन मराठीत मोठ्यानं बाबा म्हणते. थायरॉइडची गोळी कायमची. मान वळवताना सगळं अंग वळवतात. लोकांत बोलायला जात नाहीत, शेजारचा म्हातारा अजून विचारतो, युअर मॅन कुठाय, आणि मी म्हणते घरात आहे. पहिल्यासारखं होईल का, असं मी विचारायचं सोडलं. नाही होणार.

पण उपचार पुरे झाले. नळी निघाली. परवाचा स्कॅन स्वच्छ आला. आणि आमटी-भात कालवून दिला तर एक वाटी संपवायला त्यांना तास लागतो, पण तोंडानं जेवतात.