गणपतीच्या पुढचं

हां, तेच लावा, दादा — गणपती येतो, सनई वाजते, आमची दोघांची नावं सोनेरी अक्षरात फिरतात आणि परत गणपती. पुढं काहीच नाही ना? मी सगळं दाबून बघितलंय, म्हणून तर तुम्हाला कंप्युटर बघायला बोलावलं. लग्नाची डीव्हीडी आहे — म्हणजे होती. आमच्या यांनी कंप्युटरवर उतरवून घेतली. आत बऱ्याच फायली, मोठ्या चढायला वेळ लागत होता, त्यात लाइट जायची वेळ झालेली, मग यांनी छोट्या छोट्याच उचलल्या, मोठ्या राहिल्या. लावून बघितलं तर गणपती आला. गणपती आला म्हणजे सगळं आलं, असंच वाटणार ना माणसाला?

मूळ डीव्हीडी? ती शेतात आहे. खरंच. ज्वारीवर पाखरं पडायला लागली तर सासरे म्हणाले, "कंप्युटरात हाय ना आता, मग ती चकती द्या इकडं" — आणि दोऱ्यानं टांगली. चमकायची चांगली. ज्वारी निघाली तरी बांधावरच्या बोरीला लटकलीय अजून, उन्हानं मुलामा उडालाय, आरपार दिसतं. शूटिंगवाल्याला विचारलं, त्यानंही पुसून टाकलंय.

फोटो आहेत की. पण फोटोत — नाही, तसं विशेष काही नाही. पाठवणीला वडील माझ्या कानाशी काहीतरी बोलले होते. बेंजोवाले एवढे जोरात वाजवत होते, ऐकूच आलं नाही. मी नुसती मान हलवली. म्हटलं, शूटिंगमध्ये ओठ बघून कळेल. इथं बायका जमल्या की डीव्हीडी लागायची, पण पाठवणी आली की आत्या — सासूबाई — यांना म्हणायच्या, "ते रडनं काय बघायचं, पुढं घे की." हे घ्यायचे. मग मी पळत गाडीत बसायची, वडिलांचे ओठ भराभर हलायचे, बायका हसायच्या. मीपण हसायचे. म्हटलं, घरात कुणी नसताना बघू सावकाश. वडिलांनाच विचारायचं होतं म्हणता? हो, फोन तर रोज व्हायचा. पण मान हलवली होती ना मी, मग आता काय विचारायचं? होळीच्या आधी गेले ते.

नाहीच निघणार का? बरं. नाही, मला काही होत नाही, तुम्ही चहा घ्या. गार होतोय — राहू द्या, फाटक वाजलं, आत्या आल्या वाटतं. त्यांनी विचारलं तर म्हणा, कंप्युटर चालू होत नव्हता, केला नीट. एवढंच म्हणा. या आता, दादा.